टिटवीचा फोटो



रानातल्या पाखराचा फोटो काढणे हे काही काम आहे का? पोट भरलेल्या माणसाचा तो रिकामा उद्योग, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. पण गेल्या चैत्रात आमचा भाचा कॅमेरा घेऊन आला, त्याच्याबरोबर आम्ही एक दिवस गायरानात काढला, आणि आमचे मत बदलले. त्या दिवशी आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. तीच हकीकत या पाठात सांगतो.

आम्ही काही पक्ष्यांचे पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, शाळेत मास्तरकी केली, शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते. हा भाग कमी पावसाचा. इथे दाट जंगल नाही. माळ, मुरूम, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि मधूनमधून पाझर तलाव, एवढेच. पाहुणा म्हणतो, "इथे काय आहे बघण्यासारखे?" आहे, पुष्कळ आहे. पण ते बघायला पहाटे उठावे लागते.

१. पहाटेची गाडी

भाचा पुण्याला नोकरी करतो. रात्रीच आला होता. पहाटे पाचला आम्ही उठलो. त्याने अंगात मातकट रंगाचा सदरा घातला. आम्ही सवयीप्रमाणे पांढरा सदरा घातला, तर तो म्हणाला, "मामा, पांढरे नको. पाखरू लांबूनच बघून उडते." आम्ही सदरा बदलला आणि टोपीही खुंटीला ठेवली.

गावात आता बैलगाड्या मोजक्याच उरल्या आहेत. आमच्या आळीतल्या अण्णांची एक आहे. चैत्रात ते शेतात शेणखत टाकतात. त्यांची वाट गायरानातून जाते. त्यांनी आम्हाला हाक मारली.

"गुर्जी, पायी कशाला जाताय? गाडीत बसा. पाखरू बैलाला भीत न्हाई, माणसाला भितं."

ही गोष्ट अगदी खरी आहे. माणूस सरळ चालत आला की पाखराला तो शिकारी वाटतो. बैल रोज माळावर चरतो, त्याने पाखराला कधी दगड मारलेला नसतो. म्हणून बैलाच्या आडून गेले की पाखरू जागचे हलत नाही. जुने शिकारीही हीच युक्ती करत. बैलगाडीच्या आडून ते माळढोकाच्या जवळ जात आणि बंदूक झाडत. युक्ती तीच, पण कोणी बंदूक धरतो, कोणी कॅमेरा. फरक काय तो एवढाच.

आम्ही दोघे खतावर पोते अंथरून बसलो. गाडी हळूहळू निघाली.

२. कॅमेरा काय करतो

नवख्या वाचकासाठी थोडे सांगतो. कॅमेऱ्याच्या पुढे भिंग असते. आपल्या डोळ्यातही भिंग असते, तसेच. भिंगातून उजेड आत जातो आणि आत चित्र उमटते. पूर्वी हे चित्र काचेच्या पट्टीवर उमटे, नंतर रोलवर. एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत आणि प्रत्येकाला पैसे पडत. आता रोल गेला. नखाएवढ्या कार्डात हजारो फोटो मावतात.

लांबचे जवळ आणणारे भिंगही असते. भाच्याचे भिंग जवळजवळ हातभर लांब होते. आम्हाला वाटले, एवढे भिंग असल्यावर घरी बसूनही फोटो निघेल! पण तसे नाही. चिमणीएवढ्या पाखराचा चांगला फोटो हवा असेल, तर दहा-पंधरा पावलांवर जावे लागते. मोठे पाखरू असले तरी पंचवीस-तीस पावले. भिंग कितीही मोठे असो, सबुरी लागतेच.

दुसरे, उजेड. सकाळचे ऊन तिरपे आणि मऊ असते. पाखराच्या पिसांचे रंग त्यात नीट उठतात. दहा वाजले की ऊन डोक्यावर येऊ लागते आणि तापल्या जमिनीवरची हवा थरथरते. मग फोटोही थरथरल्यासारखा येतो. म्हणून फोटो काढणारा पहाटे उठतो. शेतकऱ्याचे आणि त्याचे वेळापत्रक एकच.

३. माळावरची मंडळी

सूर्य वर आला तशी माळाला जाग आली. चंडोल नावाचे मातकट पाखरू गात गात सरळ आभाळात चढले. बोरीच्या झुडपावर खाटीक बसला होता. हा पक्षी टोळ, सरडे मारतो आणि कधीकधी काट्याला टोचून ठेवतो, म्हणून त्याला खाटीक म्हणतात. धाविक नावाची जोडी दिसली. हे पाखरू चार पावले तुरुतुरु पळते, थांबते, वाकून किडा टिपते, पुन्हा पळते.

विजेच्या तारेवर चास बसला होता. याला नीलकंठही म्हणतात. दसऱ्याला तो दिसला तर शुभ, असे लोक मानतात. बसलेला असताना हा पक्षी साधाच दिसतो. पंख उघडले की निळाईचा झगझगाट होतो. भाचा म्हणाला, "याने झेप घेतली की फोटो काढायचा." त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. पाच मिनिटे गेली. दहा गेली. बैल रवंथ करू लागले. अण्णांनी तंबाखू मळली. आम्हाला वाटले, आता पुरे. तेवढ्यात चासाने खाली झेप टाकली आणि टोळ उचलला. कॅमेऱ्याने सेकंदाच्या हजाराव्या भागात ते टिपले. त्या फोटोत चोचीत टोळ होता, त्याचे मोडलेले पायसुद्धा दिसत होते.

अण्णांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "आन् आमी म्हनायचो, हे पाखरू नुसतं तारंवर बसून ऱ्हातं!"

टोळ, नाकतोडे, किडे हे चासाचे अन्न. म्हणजे तो शेतकऱ्याचा बिनपगारी गडी झाला. अण्णा साठ वर्षे हा पक्षी बघत आले, पण तो काय खातो हे त्यांनी त्या दिवशी फोटोत पाहिले. फोटोचा हा एक उपयोग.

आठाच्या सुमारास पाझर तलावावर पखुर्ड्या पाणी प्यायला आल्या. पखुर्डी पारव्याएवढी असते, माळावर कोरडे बी टिपून खाते आणि पाण्यासाठी लांबून उडत येते. एक नर पाण्यात पोट बुडवून बसला. भाचा म्हणाला, "मामा, तो अंघोळ करत नाही. त्याच्या पोटाची पिसे पाणी शोषून घेतात. ते पाणी तो पिलांना नेतो. पिले त्याची पिसे चोखतात."

आम्ही थक्क झालो. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवले, पण गावाबाहेरच्या तलावावरचा हा धडा आम्हीच शिकलो नव्हतो.

४. चार अंडी

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तलावाच्या वरच्या अंगाला मुरमाड जागा आहे. तिथे गाडी पोचली तशी टिटवी ओरडू लागली. टिटवी आपण सगळे ओळखतो. पाय लांब पिवळे, डोके काळे, डोळ्यापुढे लाल मांसाची पाळी. रात्री ती ओरडली की घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, अशुभ झाले. खरे तर ती अंड्यांची राखण करत असते. कुत्रा, कोल्हा, माणूस, कोणीही जवळ आले की ती ओरडते. आपल्या घरावर चोर आला तर आपण ओरडणार नाही काय?

अण्णांनी चाबकाने दाखवले. "त्या दगडापाशी चार अंडी हाईत. म्या परवा बघितली. नांगरताना आमच्या शेतात अशी अंडी घावली, तर आमी तेवढा तुकडा सोडतो. हितं नांगर न्हाई, पर मुरमाचे ट्रॅक्टर येतात."

आम्ही बघितले, पण अंडी दिसेनात. टिटवी घरटे बांधत नाही. जमिनीवर जरा खोलगट करते, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या ठेवते आणि तिथेच अंडी घालते. अंडी मातकट असतात आणि त्यांच्यावर काळे ठिपके असतात. मुरमात ती मिसळून जातात. चार पावलांवर गेलो तेव्हा कुठे नजरेला पडली. टोके आत करून चारी अंडी गोल मांडलेली होती.

अण्णांना शेतावर जायचे होते. गाडी पुढे गेली. भाचा खाली उतरला. आम्हीही उतरलो. इथेच आमची चूक झाली.

भाचा म्हणाला, "मामा, असा फोटो पुन्हा मिळायचा नाही. मी इथे पडून राहतो. टिटवी अंड्यांवर येऊन बसली की जवळून फोटो घेतो."

तो अंड्यांपासून पाच पावलांवर पालथा पडला. अंगावर मातकट चादर ओढली. आम्ही मागे वीस पावलांवर दगडावर बसलो. आम्ही त्याला थांबवले नाही. का? फोटो आम्हालाही हवा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची गत झाली होती.

टिटवी जोडीने ओरडत डोक्यावरून फिरू लागली. एकदा तर भाच्याच्या डोक्याला पंख लागेल इतकी खाली आली. मग ती थोडी लांब उतरली, एक पंख लोंबता टाकून लंगडू लागली. जणू म्हणत होती, मी जखमी आहे, मला धरा, पण तिकडे जाऊ नका. शत्रूला अंड्यांपासून लांब नेण्याची ही तिची युक्ती. आम्हाला त्या वेळी ती मौज वाटली. भाच्याने तिचेही फोटो काढले.

साडेनऊ वाजून गेले होते. जमीन तापू लागली होती.

तलावाकडून एक धनगर मावशी शेळ्या घेऊन आल्या. त्या थांबल्या. चादरीकडे बघितले, टिटवीकडे बघितले, आमच्याकडे बघितले. आमचा मान राखून त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. भाच्याला म्हणाल्या,

"लेकरा, लई झालं. उठ आता तिथनं. ऊन बघ की! अंडी उकडतील."

भाचा म्हणाला, "दोनच मिनिटे, मावशी. ती येईलच."

"ती कशी यील? तू बसलाय की तिच्या दारात."

५. आमची जुनी चूक

तिच्या दारात! हे शब्द ऐकले आणि आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. ती आम्ही आजवर कोणाला फारशी सांगितलेली नाही.

आम्ही तरुण मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेला कोणी एक रोलचा कॅमेरा भेट दिला होता. शाळेच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाने घरटे केले होते. आत तीन अंडी होती. फांद्यांमुळे सावली पडे, फोटो नीट येईना. आम्ही कात्री घेतली आणि पुढच्या पाच-सात फांद्या कापल्या. उजेड आला. फोटो झकास निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. खाली टरफले पडली होती. फांद्यांचा आडोसा गेला आणि कावळ्याला वाट मोकळी झाली. बुलबुलाची जोडी दिवसभर कुंपणावर येत-जात होती. पहिलीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, तुम्ही फांद्या का कापल्या?" आम्ही उत्तर दिले नाही. "बाकावर जाऊन बस," एवढेच म्हणालो. तो फोटो आम्ही वर्गात लावला नाही. पेटीत ठेवला, तो अजून तिथेच आहे.

आम्ही दगडावरून उठलो. भाच्याला म्हणालो, "उठ. आपण लांब जाऊ."

"मामा, एवढी मेहनत..."

"फोटो गेला तर गेला. उठ."

त्याने घड्याळ बघितले. टिटवी अंड्यांवरून उठून अठरा मिनिटे झाली होती. त्याचा चेहरा उतरला. तो लगेच उठला.

६. ऊन आणि अंडे

अठरा मिनिटांनी काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. तर ऐका.

पाखरू अंडी उबवते ते केवळ ऊब देण्यासाठी, असे आपण समजतो. हिवाळ्यात ते खरे. पण टिटवी अंडी घालते उन्हाळ्यात, उघड्या माळावर. तिथे ऊब द्यायची नसते, सावली द्यायची असते. अंड्यातल्या जीवाला साधारण ३७-३८ अंश उष्णता मानवते. आमच्या भागात चैत्र-वैशाखात हवेचा पाराच चाळिशीला जातो. उन्हातली जमीन त्याहून पुष्कळ अधिक तापते, अगदी तव्यासारखी. अशा वेळी आई उठून गेली, तर आतला जीव थोड्याच वेळात दगावू शकतो. अंडे बाहेरून चांगले दिसते. आई परत येते, पुढे कितीतरी दिवस त्यावर बसून राहते, पण आतून पिलू कधीच निघत नाही. फोटो काढणारा तोवर आपल्या घरी गेलेला असतो. आपण काय केले हे त्याला कधी कळतही नाही.

म्हणून या कामात सर्वांत वाईट गोष्ट ही, की नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

आम्ही दोघे साठ पावले मागे गेलो आणि एका बाभळीखाली बसलो. मावशीही शेळ्या वळवून लांब गेल्या. टिटवी जमिनीवर उतरली, पण अंड्यांकडे जाईना. इकडे तिकडे बघे, चार पावले टाके, थांबे. आम्ही श्वास रोखून बसलो. एक मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे. आयुष्यात पुष्कळ परीक्षांचे निकाल आम्ही वाचले, पण इतकी धाकधूक कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात तलावाकडून दुसरी टिटवी आली. तिचे पोट ओले होते. ती सरळ अंड्यांवर गेली, पाय फाकवून उभी राहिली, आणि ओली पिसे अंड्यांवर टेकवून अलगद बसली. पखुर्डी पिसांतून पिलांना पाणी नेते, तशी टिटवी पिसांतून अंड्यांना गारवा आणते. नर आणि मादी आळीपाळीने हे काम करतात.

भाच्याने बाभळीखालूनच फोटो काढला. त्यात टिटवी लहान दिसते. पण भोवतीचा माळ दिसतो, मागे तलावाचे पाणी दिसते आणि पोटाची ओली, चिकटलेली पिसे दिसतात. पाच पावलांवरून काढला असता तर यातले काही आले नसते. नुसते घाबरलेले पाखरू आले असते.

७. दुपारचा धडा

दुपारी आम्ही बाभळीखाली भाकरी सोडली. मावशींनी शेंगदाण्याची चटणी दिली. भाचा जरा गप्प होता. मग आपणहून बोलू लागला.

त्याने इंग्लंडमधल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन अशी त्यांची नावे. शेतकऱ्याचीच मुले. त्यांनी १८९२ साली अंड्यांसकट एका घरट्याचा फोटो काढला. पुढे १८९५ साली रानातल्या फोटोंचे पुस्तक काढले. पाखरे बैलाला भीत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेरा बसवला आणि आत उभे राहून फोटो काढले. आमच्या अण्णांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. "आवं, खरा बैल हाय की आपल्याकडं!"

मग डॉ. सालिम अली यांची गोष्ट निघाली. ते १८९६ साली मुंबईत जन्मले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आजही चालू आहे. तिथे कपाटे भरून पाखरे ठेवलेली पाहून त्या मुलाचे आयुष्यच पालटले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. ज्याने बंदुकीने सुरुवात केली, तोच पाखरांचा मोठा राखणदार झाला. माणूस चुकतो, पण चुकीवरून वाट बदलता येते.

मग आमच्या माळाची गोष्ट निघाली, आणि ती दुःखाची आहे. आमच्या माळावर पूर्वी माळढोक असे. माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी. एवढा जड असून उडतो. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. त्यात आमचा कर्जत तालुका, शेजारचा श्रीगोंदा आणि नेवासे यांतलाही भाग होता. सालिम अलींना वाटे, माळढोकच राष्ट्रीय पक्षी व्हावा. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

आज माळढोक आमच्याकडे दिसत नाही. साऱ्या देशात मिळून शंभर-दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारांवर आदळून पाखरे मेली, कुत्र्यांनी अंडी खाल्ली. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, आणि तेही टिटवीसारखे उघड्या जमिनीवर. एक अंडे गेले की त्या जोडीचे वर्ष वाया गेले. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ सालापासून माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. जे काम आई फुकट करत होती, ते आता यंत्राला करावे लागते.

आमच्या तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे. १९८० साली काळविटांसाठी ते राखले. क्षेत्र लहानसेच, सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. पण राखले म्हणून काळवीट राहिले. तिथे गवत वाढले, आणि गवताबरोबर माळावरची पाखरेही टिकली. राखले तर राहते, एवढाच याचा अर्थ.

८. ट्रॅक्टर थांबला

चारच्या सुमारास मुरमाचा ट्रॅक्टर आला. त्याची चाकोरी सरळ त्या दगडाकडे जात होती. आम्ही उठून आडवे गेलो. चालवणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा. चिडून म्हणाला, "काय झालं, गुर्जी?"

भाच्याने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवला. ओल्या पोटाची टिटवी, आणि खाली अंड्यांची कड. पोरगा बघतच राहिला.

"हे हितलं हाय?"

"त्या दगडापाशी."

"म्या रोज हितनं जातो. कधी दिसलंच न्हाई."

तो खाली उतरला नाही, जवळही गेला नाही. त्याने चाक वळवले आणि लांबून गेला. दुसऱ्या दिवशी मावशींनी चाकोरीवर चार मोठे धोंडे आणून टाकले, म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरलाही वळसा पडावा. अंड्यांभोवती त्यांनी काहीच ठेवले नाही. त्या म्हणाल्या, "खूण केली तर कुत्र्या-पोरांच्या नजरंत भरंल."

वाचकहो, बघा. मावशींना अक्षर येत नाही. पण त्या दिवशी शिक्षक त्याच होत्या.

पुढे तीन आठवड्यांनी मावशी आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुर्जी, तीन पिल्लं हिंडत्यात. एक अंडं तसंच ऱ्हायलं." टिटवीची पिले अंड्यातून निघाली की लवकरच चालू लागतात. चारांतले एक अंडे का राहिले? त्या अठरा मिनिटांमुळे, की मुळातच ते पोचट होते? कोणी सांगू शकत नाही. भाच्याला आम्ही फोनवर कळवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पुन्हा कधी गाडीतून उतरणार नाही."

९. ध्यानात ठेवा

आता पुष्कळांच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. पाखराचा फोटो काढावा, जरूर काढावा. त्याने माणसाला बघायची सवय लागते. पण काही गोष्टी पाळाव्या.

• घरट्याजवळ किंवा अंड्यांजवळ बसून फोटो काढू नये. वाटेत घरटे दिसले तर न थांबता पुढे जावे.

• पाखरू ओरडू लागले, डोक्यावरून फिरू लागले, लंगडल्याचे सोंग करू लागले, तर समजावे की आपण त्याच्या दारात उभे आहो. लगेच मागे फिरावे.

• फोटोसाठी फांदी तोडू नये, गवत उपटू नये, अंडी हलवू नयेत.

• पाखराने उडावे म्हणून दगड मारू नये, टाळी वाजवू नये.

• घरट्याची जागा चारचौघांत सांगू नये. मोबाईलवर फोटो पाठवताना तर मुळीच सांगू नये.

• अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी आणि त्यांचे नियम पाळावे.

कायदाही हेच सांगतो. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ नुसते मारणे एवढाच नाही. रक्षण दिलेल्या रानपाखरांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे, हीसुद्धा शिकारच. म्हणजे हातात बंदूक नसली तरी माणूस शिकारी होऊ शकतो. कॅमेरा धरूनही होऊ शकतो. आम्ही त्या दिवशी जवळजवळ झालोच होतो.

भाच्याने तो टिटवीचा फोटो मोठा करून आम्हाला पाठवला. आम्ही तो शाळेत नेऊन दिला. आता तो पहिलीच्या वर्गात लावला आहे. मुले विचारतात, "गुरुजी, टिटवी एवढी लहान का दिसते?" आम्ही सांगतो, "आम्ही लांब उभे होतो म्हणून."

प्रश्न

१. पाखरे बैलगाडीला का भीत नाहीत?

२. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर का बसते? पोट ओले करून का येते?

३. बुलबुलाच्या घरट्याचे नुकसान कशामुळे झाले?

४. मावशींनी अंड्यांभोवती खूण का केली नाही?

५. तुमच्या गावच्या माळावर, तलावावर कोणकोणती पाखरे दिसतात? त्यांची गावातली नावे लिहा.

६. पूर्वी दिसत असे, पण आता दिसत नाही, असे एखादे पाखरू तुमच्या गावात आहे काय? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याच्याविषयी चार ओळी लिहा.